सहाव्या दिवशी पुन्हा टीईई, की संभाजीनगरला पेट-सीटी?

हृदयाचा वाल्व (झडप) बदलून तीन-चार वर्षं झालेला पेशंट तीन आठवड्यांच्या बारीक तापाने येतो. गावात दोनदा सलाईन लागलेलं असतं, त्यातून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक गेलेलं असतं, ताप उतरून परत चढलेला असतो. छातीवरून केलेल्या ईकोत झडप ठीक दिसते. टीईई, म्हणजे अन्ननलिकेत प्रोब घालून केलेला ईको होतो, त्यातही बोट ठेवावं असं काही मिळत नाही. सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) चढलेलं, हिमोग्लोबिन घसरलेलं, पाणथरी (प्लीहा) हाताला लागते की नाही यावर आपलंच मन डळमळतं. शंका असते ती बदललेल्या झडपेवरच्या जंतुसंसर्गाची, म्हणजे एंडोकार्डायटिसची. त्याचं निदान ठरवणाऱ्या ड्यूक निकषांच्या हिशोबात पेशंट 'शक्य आहे' या मधल्या पायरीवर अडकून बसतो.

इथून पुढे मराठवाड्यातल्या आपल्यासारख्या फिजिशियनसमोर दोन वाटा उरतात. पेशंट इथेच ठेवून पाच-सात दिवसांनी टीईई पुन्हा करायचा, किंवा त्याला संभाजीनगरला पेट-सीटीसाठी पाठवायचं, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून ती शरीरात कुठे जास्त शोषली जाऊन चमकते ते दाखवणाऱ्या स्कॅनसाठी. मी परभणीत काम करतो, ईको आणि टीईई स्वतः करतो. गेल्या काही वर्षांत दोन्ही वाटांनी गेलोय. माझे पेशंट बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, त्यामुळे पुढचं सगळं एका माणसाचा अनुभव म्हणून वाचावं. मोठ्या केंद्रातल्या मंडळींचं मत वेगळं असू शकतं आणि ते बरोबरही असू शकतं.

आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या दोन तपासण्यांत निवड करायची वेळ बऱ्याचदा येते ती ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) हातचं गेल्यामुळे. वाल्ववाल्या पेशंटला ताप आला की पहिलं अँटिबायोटिक टोचण्याआधी वेगवेगळ्या जागांवरून, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन सेट घ्यावेत. एवढं झालं तर निम्मा प्रश्न सुटतो. पेशंट स्थिर असेल तर एक दिवस थांबायला हरकत नसते. कल्चर कोरं आलं तर घरी शेळ्या आहेत का, कच्चं दूध पिण्यात येतं का, एवढ्यात गाय-शेळी गाभडली का, हे विचारावं. ब्रुसेला आणि क्यू फीव्हर हे जनावरांकडून येणारे संसर्ग आपल्या भागात हे प्रश्न विचारल्याशिवाय सापडत नाहीत. आणि ब्रुसेलाची शंका असेल तर लॅबवाल्याला आधी सांगावं, कारण तो जंतू कल्चर हाताळणाऱ्यालाही लागतो.

आता मूळ प्रश्न. टीईईची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच गोष्टीतून येतात, ती म्हणजे प्रोब कुठे बसतो. अन्ननलिकेतून बघताना डावं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) अगदी समोर येतं. एट्रियम आणि व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) यांमधल्या मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर तिची सावली पलीकडे, व्हेंट्रिकलमध्ये पडते, आणि आपल्याला हवा असलेला शिवणीचा कडा एट्रियमच्या बाजूने स्वच्छ दिसतो. छातीवरून बघताना नेमकं उलटं होतं, सावली एट्रियमवर पडते आणि लीकसुद्धा लपून राहतो. महारोहिणीच्या तोंडाशी असलेल्या एऑर्टिक झडपेचं गणित मात्र वेगळं. तिथे अन्ननलिकेकडची बाजू दिसते आणि रूटची (महारोहिणीच्या मुळाची) पुढची बाजू सावलीत जाते. पुढच्या बाजूचा गळू टीईईला चकवतो तो इथेच. मायट्रल आणि एऑर्टिक दोन्ही बदललेले असतील तर मायट्रलची सावलीही त्यात भर घालते.

युरोपच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत कृत्रिम झडपेवरच्या व्हेजिटेशनसाठी (जंतूंच्या गाठीसाठी) छातीवरच्या ईकोची संवेदनशीलता, म्हणजे असलेला दोष पकडण्याचं प्रमाण, ५० टक्के आणि टीईईची ९२ टक्के दिली आहे. ९२ हा आकडा मला नेहमी जरा उदार वाटतो. ताज्या शिवणीवरची सूज, पॅनस (झडपेच्या कड्यावर वाढलेली तंतुमय ऊती), जुना धागा, छोटी गुठळी या सगळ्यांतून व्हेजिटेशन वेगळं काढायला पडद्यासमोर बराच वेळ जातो, आणि पहिल्या दिवशी गळू असतो तो केवळ जाडसर झालेल्या भिंतीसारखा. म्हणूनच त्याच सूचना सांगतात की शंका टिकून असेल तर पाच ते सात दिवसांनी टीईई पुन्हा करा.

पेट-सीटीच्या बाजूने बोलायचं तर खूप बोलता येईल. मार्सेलच्या गटाने २०१३मध्ये कृत्रिम झडपेच्या ७२ पेशंटांवरचं काम प्रसिद्ध केलं. पेटवरची चमक मोठा निकष धरली तर दाखल होतानाची ड्यूकची संवेदनशीलता ७० वरून ९७ टक्क्यांवर गेली. २०१५मध्ये युरोपने पेट सूचनांत घेतलं, आणि २०२३च्या नव्या ड्यूक निकषांनी त्याला ईकोच्या पंगतीत बसवलं. शस्त्रक्रियेला तीन महिने उलटून गेले असतील तर झडपेभोवतीची चमक मोठा निकष, त्याआधी असेल तर छोटा, कारण ताजी जखमही साखर खाते. शिवाय पेट एकट्या झडपेपुरतं थांबत नाही. मणक्यातला संसर्ग, झडपेवरून सुटून पाणथरीत अडकलेला तुकडा, जंतू जिथून शिरला ते आतड्यातलं ठिकाण, हे सगळं एकाच फेरीत दिसतं. मेंदू तेवढा वगळायचा, तो स्वतःच साखरेवर चालतो.

कागदावर पाहिलं तर कोरा टीईई आल्यावर पेटला पाठवणं हेच शहाणपणाचं वाटतं. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं.

मग जिंतूरकडची एक बाई आली. वय छत्तीस, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप गेलेली, चार वर्षांपूर्वी मायट्रलच्या जागी चित्रा वाल्व बसवलेला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली, १९९०मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेली ही एका तबकडीची झडप आपल्याकडच्या गरीब पेशंटांत पुष्कळ दिसते. ताप वीस दिवसांचा, कल्चर अँटिबायोटिकनंतर घेतलेलं आणि अर्थातच कोरं. पहिल्या टीईईत शिवणीचा कडा एका बाजूला किंचित जाड वाटला, त्याहून जास्त काही नाही. मी पेट सुचवलं. नवऱ्याने पैशाची जुळवाजुळव केली, तारीख मिळाली.

पेटची तयारी कशासाठी असते ते आपण जाणतो. हृदयाचा स्नायू साखर आणि चरबी दोन्हींवर चालतो. त्याला साखरेपासून तोडलं नाही तर तो स्वतःच एफडीजी (टोचलेली किरणोत्सारी साखर) शोषतो आणि सगळं डावं व्हेंट्रिकल पेटून उठतं. मायट्रलचं कडं त्या भिंतीला चिकटूनच बसलेलं असतं, मग त्याची चमक वेगळी कशी काढणार? म्हणून आदला दिवसभर कार्बोहायड्रेट बंद, चरबी आणि प्रथिनं भरपूर, आणि त्यानंतर किमान बारा तास काहीच नाही. मी ओपीडीत तिला सांगितलं, "आदल्या दिवशी भात-भाकरी-चपाती बंद. रात्रीनंतर कडक उपास."

आदला दिवस आषाढी एकादशीचा होता.

बाई माळकरी घरातली. तिने एकादशी मनापासून केली. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर, संध्याकाळी उकडलेलं रताळं आणि दोन केळी. भाताचं शीत नाही, भाकरीचा तुकडा नाही. रात्री आठनंतर पाणीच. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणंही न सोडता ती स्कॅनच्या टेबलावर झोपली. माझं प्रत्येक वाक्य तिने पाळलं होतं. रक्तातली साखरही ठीक होती, त्यामुळे तिथल्या तंत्रज्ञालाही थांबवण्यासारखं काही दिसलं नाही.

रिपोर्टमध्ये लिहून आलं की हृदयस्नायूचं शोषण दबलेलं नाही, झडपेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. ती माझ्यासमोर बसून सांगत होती, "भाताला शिवले न्हाई म्या, डॉक्टर. उपास सोडलासुद्धा न्हाई." आणि नवरा एवढंच म्हणाला, "मंग कामून गेलतो आम्ही?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाऊन-येऊन पूर्ण दिवस, अँटिबायोटिकचा एक डोस चुकलेला, पैसे गेलेले, आणि पेशंट जिथे होती तिथेच. पुन्हा पेट करा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चूक त्या बाईची नव्हती, शब्दाची होती. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर, रताळं, राजगिरा, केळं, आणि पेटच्या तयारीला नेमकं हेच चालत नाही. उपास आणि उपाशी यांतला फरक मी डॉक्टर होईपर्यंत घरीच शिकलो होतो, तरी तो मला सुचला नाही.

दोन दिवसांनी, पहिल्या टीईईनंतर सहाव्या दिवशी, मी पुन्हा प्रोब घातला. पहिल्या वेळचे क्लिप जपून ठेवले होते. तेच कोन घेतले, तसाच हळूहळू कडेने फिरलो. जिथे नुसता जाडसरपणा होता तिथे एट्रियमच्या बाजूला सात-आठ मिलिमीटरचं काहीतरी डोलत होतं. आयएनआर (रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाचं माप) आधीपासून नीट होता, त्यामुळे गुठळीचा संशय बाजूला पडला. शेजारी-शेजारी दोन्ही क्लिप लावले तेव्हा कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. वाल्व पुन्हा न बदलता, सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांवर ती सावरली.

त्या दिवसापासून पहिल्या कोऱ्या टीईईकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. माझ्या लेखी तो फुकट गेलेला नसतो, तो पुढच्या तुलनेचा पाया असतो. संसर्ग जागचा हलतो, वाढतो, भिंत पोखरतो. आठवड्याच्या अंतराने दोनदा बघितलं की जे बदललं तेच बोलतं. शिवणीची जुनी सूज, पॅनस, जुना धागा तसेच राहतात. अर्थात हे जमायला दोन अटी आहेत. दोन्ही वेळा शक्यतो एकाच हाताने तपासणी व्हावी, आणि पहिल्या वेळी रिपोर्टसोबत सगळे कोन साठवलेले असावेत. 'व्हेजिटेशन दिसले नाही' एवढं वाक्य आणि दोन फोटो यांच्यावर दुसरा टीईई उभा राहत नाही.

टीईईला त्रास नाही असं म्हणणार नाही. घशात लिग्नोकेनचा फवारा मारला तरी उमाळे येतातच. "ती नळी परत नको" हे वाक्य मी दर दुसऱ्या पेशंटकडून ऐकतो. मिडाझोलाम थोडं मोकळ्या हाताने दिलं आणि पहिल्या वेळी घाई केली नाही, तर दुसऱ्या वेळी होकार मिळतो. गिळायला त्रास, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, हाताबाहेर गेलेला आयएनआर, हे आधी बघायचंच. पण टीईईची तयारी काय, तर सहा तास पोट रिकामं. ही गोष्ट जिंतूरच्या बाईलाही कळते आणि तिच्या सासूलाही. आणि जमलं नाही तर उद्या पुन्हा करता येतो, त्याच खाटेवर.

पेटची तयारी मी आता जास्त जपून सांगतो. कागदावर उपास हा शब्द लिहीत नाही. काय खायचं नाही ते लिहितो: भाकरी, भात, डाळ, दूध, साखरेचा चहा, गूळ, फळं, साबुदाणा, भगर, रताळं, राजगिरा. काय खायचं ते लिहितो: अंडी, मटण, मासे, पनीर, तूप. शेंगदाण्याबद्दल स्कॅन करणाऱ्या केंद्राला विचारायला सांगतो. तारीख घेण्याआधी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र बघतो. वॉर्डातल्या सिस्टरला सांगतो की आदल्या दिवसापासून डीएनएस किंवा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन लावायचं नाही, अँटिबायोटिकही त्यात मिसळायचं नाही, खोकल्याचं गोड औषध नाही. हे एवढं करूनसुद्धा शाकाहारी माळकरी पेशंटला दिवसभर पनीर आणि तुपावर ठेवणं ही सोपी गोष्ट नाही. तापाने तोंडाची चव गेलेली असते. तिला पेजेची वाटी हवी असते आणि आपण तिच्यापुढे तुपात परतलेलं पनीर ठेवतो. मधुमेह असेल तर अडचण दुप्पट. एफडीजीचं अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, जिथे ते बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र नाही तिथे डोस गाडीने येतो. तो उशिरा आला की उपाशी पेशंट बाकावर बसून राहतो आणि सोबतचं कुणीतरी प्रेमाने बिस्कीट पुढे करतं. यातला प्रत्येक अडथळा छोटाच आहे. पण सगळे मिळून ही तपासणी एकाच संधीची होऊन जाते.

तरीही एक पेशंट असा आहे ज्याच्यामुळे मी पेटला नाही म्हणू शकत नाही. गंगाखेडकडचे गृहस्थ, साठीच्या जवळपास, एऑर्टिकच्या जागी दोन पाकळ्यांची धातूची झडप. ताप आणि कंबरदुखी. कंबर शेतातल्या कामाने धरली असं त्यांचं म्हणणं. टीईई दोनदा केला, दोन्ही वेळा रूटची पुढची बाजू सावलीतच राहिली. मधल्या काळात रोज ईसीजी काढत होतो. ईसीजीवरचा पीआर (वरच्या कप्प्यातून खाली विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ) आधीच्यापेक्षा लांबला, म्हणजे गळू तिथवर पोचल्याची शंका आली, तेव्हा मात्र तिसऱ्या टीईईचा विचार सोडून दिला. त्यांना मटण-अंड्यांवर एक दिवस काढायला सांगितलं, ते त्यांनी आनंदाने काढलं, आणि स्कॅन इतका स्वच्छ आला की स्नायूवर चमक नावाला नव्हती. झडपेच्या कड्याभोवती पुढच्या बाजूला चमक, आणि कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीतही. कंबरदुखीचं कारण तेच निघालं. ईसीजीला जोडून केलेल्या कॉन्ट्रास्ट सीटीत गळूची पोकळी दिसली आणि ते शस्त्रक्रियेला गेले. माझ्या टीईईने त्यांना न्याय दिला नसता.

ओघाने सीटीबद्दल थोडंसं. गळू आणि स्यूडोअ‍ॅन्युरिझमसाठी (भिंत फाटून तयार झालेल्या फुग्यासाठी) ते उत्तम, २०२३च्या निकषांत त्यालाही मोठ्या निकषाचं स्थान मिळालंय. तयारीचा जाच नाही. जेन्टामायसिन या अँटिबायोटिकवर असलेल्या पेशंटची किडनी तेवढी सांभाळावी लागते. एऑर्टिकच्या बाबतीत पेटला पाठवण्याआधी जवळच्या जवळ चांगलं सीटी मिळत असेल तर मी ते आधी करून बघेन.

तीन गोष्टी पेटला पाठवतानाही ध्यानात ठेवाव्यात. धातूच्या झडपेभोवती, सीटीवरून पेटच्या चित्रात केल्या जाणाऱ्या दुरुस्तीमुळे, खोटी चमक येते, म्हणून दुरुस्ती न केलेल्या चित्रांतही ती दिसते का, हे रिपोर्ट देणाऱ्याला फोन करून विचारावं. शस्त्रक्रियेत चिकटवण्याचं रसायन वापरलं असेल तर तीन महिन्यांनंतरही चमक टिकू शकते, म्हणून ऑपरेशनची नोंद पेशंटबरोबर पाठवावी. आणि दोन-तीन आठवडे अँटिबायोटिक चालू असताना आलेल्या कोऱ्या पेटवर निर्धास्त होऊ नये.

तर, माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलं असेल. मायट्रलची झडप, पेशंट स्थिर, जवळ टीईई करणारा भरवशाचा हात, असं असेल तर मी थांबतो आणि सहाव्या दिवशी पुन्हा प्रोब घालतो. आपल्याकडचे बहुतेक पेशंट याच गटातले, संधिवाताने मायट्रल गेलेल्या तरुण बायका, म्हणून माझ्याकडे पारडं टीईईकडे झुकतं. थांबणं म्हणजे हातावर हात ठेवणं नव्हे. रोज ईसीजी, रोज कानाने नवा मर्मर, धाप लागते का, हातपाय जड पडले का. यातलं काहीही बिघडलं तर सहाव्या दिवसाची वाट न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं. रुग्णालयातच दगावण्याचं प्रमाण २० ते ४० टक्के सांगितलं जाणारा हा आजार आहे. एऑर्टिकची धातूची झडप, दोन झडपा, किंवा ताप आहे आणि सोबत कंबर किंवा डावी कूस दुखते, तिथे मी पेटच्या बाजूने आहे, आणि तेही वेळ न घालवता. तुमच्याकडे बायोप्रोस्थेसिसवाले (प्राण्यांच्या ऊतीची झडप बसवलेले), वयस्क, एऑर्टिकचे पेशंट जास्त असतील तर तुमचं पारडं दुसरीकडे झुकेल, आणि त्यात काही चूक नाही.

जिंतूरची बाई अजून दर महिन्याला आयएनआर दाखवायला येते. एकादशी सुटलेली नाही. मागच्या वेळी जाता जाता तिने विचारलं, परत कधी तो मोठा फोटो काढायची वेळ आली तर काय खायचं ते आत्ताच लिहून द्या म्हणून. मी कागद लिहून दिला. तिने तो असिट्रॉमच्या, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवला.